अल्सिदेसचा घास

पाहुण्यांच्या पिशव्या उघडून बघायचं काम वाटाड्या गालो फ्रेइरेला मनातून नकोसं वाटायचं, पण त्यात तो कधी कुचराई करत नसे. 'लुसेरितो' बोटीच्या मागच्या बाजूला तो उभा राही आणि पांग्यात, म्हणजे किनाऱ्यावर नेणाऱ्या रबरी होडीत, उतरण्याआधी एकेकाला अडवी. बेटावर न्यायचं ते फक्त पाणी. बिस्किट नाही, चॉकलेट नाही, तोंडात चघळायची गोळीसुद्धा नाही. फळ तर नाहीच नाही. त्या सकाळी एका उंचापुऱ्या जर्मन म्हाताऱ्याच्या खिशातून न्याहारीच्या टेबलावरचं सफरचंद निघालं.

"बी टाकणार नाही मी," म्हातारा म्हणाला. "गाभ्यासकट खाईन."

"खा की. इथंच खा. पांगा थांबवतो."

म्हाताऱ्याने सफरचंद गालोच्या हातात आदळलं आणि तोंड फिरवलं.

लोकांना वाटतं, एवढंसं फळ, त्यात एवढंसं बी, त्याने काय आभाळ कोसळणार आहे? काय कोसळतं ते गालोच्या घरच्यांना विचारावं. सांताक्रूझ बेटाच्या डोंगरावर त्यांचं शेत होतं. कुणीतरी कधीतरी हौसेने मोरा नावाच्या काटेरी झुडपाची चार रोपं आणली, काळी आंबटगोड फळं पोरांना खायला मिळावीत म्हणून. फळं पाखरांनी खाल्ली आणि बी डोंगरभर पेरलं. आता त्या शेतात घर कुठे होतं हेही दाखवता येत नाही. बापाचा जन्म अभयारण्याच्या नोकरीत मोरा तोडण्यात गेला, आणि तोडावा तितका तो वाढतच राहिला. नियम म्हटला की गालोला बापाचे ओरबाडलेले हात आठवत. पाहुण्यांशी गोड बोलणं त्याला फारसं जमत नसे ते त्यामुळेच.

रांगेत सगळ्यात शेवटी रोसाउरा मासाकिसा होती; बोटीवर सगळे तिला मानाने 'दोन्या', म्हणजे बाई, म्हणत. काळी शाल, काळा घागरा, गळ्यात लाल मण्यांची माळ. ती पैसे भरून आलेली पाहुणी नव्हती. तिचा मुलगा अल्सिदेस याच बोटीवर पांगा चालवायचा. दोन वर्षांपूर्वी सान्तियागो बेटाच्या याच किनाऱ्यावर लाट उसळली आणि उतरता उतरता एक पाहुणी खडक आणि पांग्याच्या मध्ये पडली. अल्सिदेसने उडी टाकली. पाहुणी वर आली, तो आला नाही. बोटी फिरल्या, पाणबुडे उतरले, पण देह मिळाला नाही. तेव्हापासून म्हातारीने कंपनीच्या दाराशी खेटे घातले होते. माझं पोर आहे तिथं मला एकदा न्या, एवढंच मागणं. या खेपेला एक खोली रिकामी राहिली, कप्तानाने हट्ट धरला, आणि मृतांच्या सणाच्या दिवशी बोट सान्तियागोला लागेल असं बघितलं.

त्या दिवशी अख्खा देश स्मशानात जेवायला जातो. रोसाउराच्या सालासाका लोकांत तर मृत माणूस वर्षभराची भूक घेऊन येतो म्हणतात. ज्याला कुणी वाढत नाही तो तसाच परत जातो आणि वणवण करतो. दोन सण उलटून गेले, अल्सिदेसला कुणी वाढलं नव्हतं. आईच्या घशाखाली घास कसा उतरावा?

आदल्या दुपारी स्वयंपाकघरातच तिचं आणि गालोचं वाजलं होतं. आचारी सेगुंदो पीठ मळत होता. रोसाउरा त्या पिठातून मृतांना वाढायची पावाची बाळं करत होती, दुपट्यात गुंडाळल्यासारखी, डोळ्यांच्या जागी मनुका लावलेली. चुलीवर कोलादा, म्हणजे जांभळ्या मक्याची सणाची दाट पेज, रटरटत होती. दालचिनीच्या वासामागून आलेला दुसरा वास गालोने दारातच ओळखला. तो मोऱ्याचा होता.

"दोन्या, बोटीवर काय हवं ते करा," तो म्हणाला. "खाली मात्र नेता येणार नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. नियम आहे."

"मेलेल्यालाही तुमचे नियम?"

"अरे, दोन घास ते," सेगुंदो मध्ये पडला. "घोरपडी काय तुझी तक्रार करायला जाणारेत?"

"तू पीठ मळ." गालो रोसाउराकडे वळला. "इथं टेबलावर त्याच्या जागी पान वाढू. मी स्वतः वाढतो."

"माझा मुलगा टेबलावर मेला काय?" ती हातातलं बाळ न ठेवता म्हणाली. "तुझी आजी गेली, तर तू तिच्या थडग्याशी जातोस ना सणाला? का तिला सांगतोस, ये बाई माझ्या घरी, मला सवड नाही?"

गालोने चुलीवरच्या भांड्याकडे बोट दाखवलं.

"तुला भूक लागली की तू सेगुंदोकडं मागतोस. माझा अल्सिदेस कुणाकडं मागणार रे?"

"त्यात मोऱ्याचं बी आहे, दोन्या. माझ्या बापानं..."

"उकळलेलं बी रुजतं होय? शेतकऱ्याच्या पोरीला शेती शिकवतोस!"

ती म्हणते ते खरं आहे हे त्याला कळत होतं. पण आज उकळलेलं चालतं म्हटलं की उद्या वाळवलेलं, परवा ताजं. बोट दिलं की लोक हात धरतात. म्हणून तो "नाही" म्हणाला आणि बाहेर पडला. मागून सेगुंदो पुटपुटला, "दगड आहे मेला." ते त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आणि आता ती समोर उभी होती, शाल पोटाशी घट्ट धरून. पिशवी नव्हती. शालीत मात्र काहीतरी होतं, आंधळ्यालाही दिसलं असतं. गालोने हात पुढे केला, मागे घेतला. म्हातारीच्या शालीत हात घालायचा कसा? तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्याने नजर काढून घेतली आणि तिला पांग्यात बसायला हात दिला.

किनाऱ्याची वाळू काळी होती. खडकांवर काळ्या घोरपडी उन्हाला पडल्या होत्या. रोसाउरा म्हणाली, मी इथंच बसते. गालो पाहुण्यांना घेऊन पायवाटेने पुढे गेला आणि घोरपडींबद्दल रोजचं बोलू लागला. बोलण्यात त्याचं ध्यान नव्हतं. थोड्याच वेळात मागून तिचा आवाज आला. ती मोठ्याने हाक मारत होती.

"अल्सिदेस! ये रे, जेवून घे."

तो वळला आणि झपाझप मागे आला. पाहुणेही त्याच्यामागून आले. तिने विणलेलं फडकं वाळूवर पसरलं होतं. त्यावर पावाचं बाळ निजवलं होतं आणि शेजारी झाकणाच्या डब्यातली कोलादा कटोऱ्यात ओतून ठेवली होती. तेवढ्यात झुडपातून कुकुवे निघाला. हा करडा पक्षी फार धीट. उडण्यापेक्षा धावतो जास्त, बुटाच्या नाड्या ओढतो, बाटलीला लागलेल्या थेंबासाठी हातावर येऊन बसतो. तो तुरुतुरु धावत फडक्यापाशी आला, मान वाकडी करून बघितलं आणि बाळाच्या गालावर चोच मारली.

रोसाउराने दोन्ही हात तोंडावर घेतले.

"आला," ती म्हणाली. "गालो, बघ, आला! कसा धावत आला. शाळेतनं असाच यायचा."

तिचा चेहरा असा उजळलेला गालोने कधी पाहिला नव्हता. बघत उभं राहावं असं त्याला फार फार वाटलं. पण माणसाच्या हातचं खायला शिकलेला पक्षी पुढे काय करतो, हे त्याला ठाऊक होतं. तो दुसऱ्यांना शिकवतो, आपलं खाणं शोधायचं विसरतो, पोटातून परकं बी बेटभर नेतो. त्याने टोपी काढून हलवली. पक्षी मागे सरला आणि परत आला. गालोने पाय आपटला.

"मारू नकोस त्याला!" म्हातारी किंचाळली. "त्या दिवशी तू त्या बाईला बाहेर ओढलंस, माझ्या पोराला नाही. तेव्हा मी काही बोलले का? आता कुठं तो जेवायला बसलाय, तर हाकलतोस!"

पक्षी उडून खडकावर बसला. त्याची चोच रिकामी होती, ते गालोने आधी पाहिलं. मग तो म्हातारीकडे वळला.

तो पक्षी आहे, दोन्या, असं म्हणता आलं असतं. खरं तेच होतं. पण खरं बोलून या बाईला उपाशी मुलासकट परत पाठवायचं? तेवढा दगड तो नव्हता. स्मशानात सणाच्या दिवशी वाटेवरच्या माणसालाही बोलावून बसवतात. तो मृताच्या नावाने जेवतो, आणि त्याच्या तोंडाने मृत जेवतो. गालोच्या आजीने अशी कितीतरी पानं वाढली होती. तो वाळूवर मांडी घालून बसला.

"वाढा मला," तो म्हणाला. "त्याच्या नावानं."

रोसाउराने त्याच्याकडे पाहिलं. "आणि तुझा नियम?"

"माझं मी बघतो."

"माझं सफरचंद काढून घेतलंत तुम्ही," मागून जर्मन म्हाताऱ्याचा आवाज आला. रागापेक्षा आश्चर्यच होतं त्यात.

"घेतलं. बंदरावर गेलात की तक्रार करा. गालो फ्रेइरे, नाव विसरू नका."

परवाना जाईल हे त्याला समजत होतं. वाटाड्यानेच बेटावर जेवण केलं, याला माफी नव्हती आणि असावी असंही त्याला वाटत नव्हतं.  म्हातारा इतरांना घेऊन पाण्याकडे गेला.

रोसाउराने पाव मोडला. प्रत्येक तुकडा देताना ती म्हणायची, "खा, अल्सिदेस." गालो खात राहिला. बाळाचे पाय, पोट, मनुकांचे डोळे, सगळं. भूक मुळीच नव्हती, घास तोंडात फिरत होता. फडक्यावरचे कण त्याने बोटाने टिपले. वाळूवर पडलेले कण वाळूसकट उचलून खाल्ले, दातांखाली कचकच झाली. मग कोलादा. मोऱ्याचं बी दातांत अडकत होतं. ज्या झुडपाने बापाचं आयुष्य खाल्लं, त्याचं एकेक बी त्याने गिळलं, एकही थुंकलं नाही. कटोरा त्याने बोट फिरवून पुसून घेतला. कुकुवे खडकावरून बघत होता.

रोसाउराने शालीच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं. खूप दिवसांनी घरी आलेल्या मुलाकडे आई बघते तसं ती बघत होती. मग ती जवळ सरकली आणि हळूच म्हणाली,

"एक विचारू? दोन वर्षं विचारीन म्हणते. पाणी फार गार होतं का रे?"

त्या दिवशी गालोही पाण्यात उतरला होता. दक्षिणेकडून येणारा प्रवाह होता. बाईला बाहेर ओढेपर्यंत त्याची बोटं बधिर झाली होती आणि रात्रभर कांबळ्याखालीही दात वाजायचे थांबले नव्हते. या समुद्राबद्दल त्याने आजवर कुणाला खोटं सांगितलं नव्हतं.

"नाही, आई," तो म्हणाला. "जराही गार नव्हतं."