घराची राख

जुन्या झावळ्या जाळायच्या दिवशी प्रत्येक घर गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेली आपली आशीर्वादाची झावळी घेऊन चर्चच्या अंगणात आलं. त्यांच्याच राखेचा क्रूस दुसऱ्या दिवशी कपाळावर उमटायचा. एर्मेलिंदा मात्र पत्र्याचा डबा घेऊन आली.

"झावळी कुठंय गं तुझी?" शेजारच्या कासिल्दाने विचारलं.

"माझी आधीच जळलीय."

कासिल्दाने जीभ चावली. उन्हाळ्यात एर्मेलिंदाचं घर पेटलं, तेव्हा तिचा नवरा आत झोपला होता. लोक बादल्या घेऊन डॉन फिलिबेर्तोच्या हौदाकडे धावले, तर फाटकाला कुलूप. तो वर गच्चीत उभा. "माझ्या कॉफीच्या रोपांना काय पाजू मग?" एवढंच म्हणाला. डब्यात त्या घराची राख होती.

"उद्या राख तूच लावणार ना? फादर तर डोंगरापलीकडच्या गावात," कासिल्दाने विषय बदलला. "फिलिबेर्तोला लावताना हात थरथरू देऊ नकोस. क्रूसाचा बेडूक व्हायचा."

एर्मेलिंदा हसली नाही. "राखेचा बुधवार का म्हणतात, ठाऊक आहे?"

"राख लावतात म्हणून. खुळी समजतेस काय मला?"

"कुणाला लावतात पण? फादर सांगत होते, फार पूर्वी ती सगळ्यांना नव्हती. ज्याचं पाप गावाला ठाऊक, त्यालाच. राख टाकून सगळ्यांदेखत चर्चबाहेर काढायचे त्याला. मग भली माणसं म्हणाली, आपणही पापीच, आपणही लावून घेऊ."

"चांगलंच केलं की."

"चांगलं? तेव्हापासून खरा पापी गर्दीत लपला."

घरी तिने दोन वाट्या भरल्या. मोठीत झावळ्यांची राख आणि तेल. छोटीत घराची राख आणि मका शिजवताना पाण्यात घालायला ठेवलेला कळीचा चुना. ओल लागली की भाजणाऱ्या या चुन्याने तिची बोटं कितीदा सोलली होती.

बुधवारी चर्चमध्ये नुसती घामाची आंघोळ. डॉन फिलिबेर्तो नेहमीसारखा रांगेत पहिला. एर्मेलिंदाने छोटी वाटी उचलली.

"माती आहेस, मातीतच परत जाशील." तिने अंगठा दाबून दोन रेघा ओढल्या. मग छोटी वाटी बाजूला ठेवली, मोठी घेतली आणि पुढच्या कपाळाला डावा अंगठा लावला.

फिलिबेर्तो पुढच्या बाकावर बसला. त्याचा हात कपाळाकडे गेला, अर्ध्यातून परत आला. अंधार पडेपर्यंत राख पुसायची नाही. पुसली तर आपण पापी नाही असं सांगितल्यासारखं. आणि कोण पुसतं याच्यावर गावाचा डोळा असतो. त्याने रुमाल चावला. शेवटी उठून तिच्यापाशी आला.

"काय लावलंस गं? भाजतंय."

"राख."

"पूस ती."

"पुसायची नसते, डॉन फिलिबेर्तो. लोक बघताहेत."

"पाणी दे!" तो ओरडला.

रांगेतल्या सगळ्यांच्या माना वळल्या.

"पाणी?" एर्मेलिंदा शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "फाटकाची किल्ली तुमच्याच खिशात आहे."

कुणीही जागचं हललं नाही. फिलिबेर्तोने बाहीने कपाळ खरवडलं आणि तो दाराकडे धावला. राख गेली. लालभडक क्रूस तसाच राहिला.

रांगेत आता कासिल्दा होती. "अगं, तुझा उजवा अंगठा बघ! फोड आलाय. तेल लाव त्याला."

एर्मेलिंदाने अंगठा मुठीत घट्ट मिटला.

"राहू दे," ती म्हणाली. "कपाळ पुढे कर."