काशीरामची बिनइंजिनाची गाडी

"उदबत्ती मोटरला ओवाळायची का बॅटरीला, ते आधी ठरवा भावजी," मी म्हणालो, आणि अंगणात जमलेले शेजारी फिदीफिदी हसले.

भावजी म्हणजे काशीराम, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. मिरकरवाड्याच्या बंदरावर तीस वर्षं ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त केली आणि कमावलं काय, तर कोपरापर्यंत काळे हात. मी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. विमलचं लग्न ठरलं तेव्हाच मी नाक मुरडलं होतं.

तर या गृहस्थाने दीड वर्ष खपून घरच्या घरी आपल्या जुनाट मारुतीचं इंजिन काढलं, तिथे विजेची मोटर बसवली आणि मागची सीट काढून बॅटऱ्या कोंबल्या. परवानगीचे कागद मला दाखवायला आणले होते. मी चष्मा शोधायचेही कष्ट घेतले नाहीत. एवढा खटाटोप कशासाठी, तर विमलला पेट्रोल-डिझेलचा वास सोसत नाही. एसटी असो, रिक्षा असो, दोन वळणं झाली की ओकते. पावस गावी आमची आई अंथरुणाला खिळून आहे आणि तीन वर्षांत विमलने तिला पाहिलेलं नाही. एकदा मी माझ्या गाडीतून तिला नेत होतो. भाट्याच्या पुलावरच तिने सीट खराब केली. नवी कव्हरं होती. मी तिथूनच गाडी वळवली आणि तिला घरी सोडलं.

काशीराम आत बसला. गिअर टाकून चावी फिरवली. काही आवाज झाला नाही. आता ही मोटर गप्प असते, हे बसवणाऱ्याला ठाऊक नको? पण बंदरावरचा माणूस कानाने मशीन ओळखतो. धडधडलं तर चालू, नाहीतर बंद. सवयीने त्याने अ‍ॅक्सिलरेटर जोरात दोनदा दाबला आणि गाडी सुटली ती थेट कुंपणाच्या गडग्यावर. जांभ्याचे चार चिरे कोसळले, पुढचा एक दिवा फुटला.

माझ्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "मेकॅनिक म्हणे! भंगारवाल्याला फोन लावू का?"

काशीराम उतरला आणि एकेक चिरा उचलून जागेवर ठेवू लागला. "चूक माजीच," एवढंच म्हणाला.

इतक्यात विमल पिशवी घेऊन बाहेर आली. नेसली होती चांगली साडी.

"दादा, हसून झालं असंल तर बाजूला हो. गाडी मागं घ्यायची हाय."

"अगं, वाटेत मरशील या खटाऱ्यात!"

"मरंन. तू नेणार हायस का?"



"विमल, आज नको," काशीराम म्हणाला. "परत चूक झाली तर?"

"होऊदेत. हळू चालवा."

सायकलच्या वेगाने गेले दोघं. पूल काही ओलांडत नाहीत, टेम्पोत घालून आणावे लागतील, असं मी सगळ्यांना बजावून सांगितलं. घरी येऊन बायकोलाही सगळा प्रकार साभिनय करून दाखवला. पण दुपारी झोप काही लागेना. चार वाजता, गाडी कुठे बंद पडली ते ऐकावं म्हणून पावसला फोन लावला. आईनेच उचलला.

"आये, विमलचा काही फोन आला का?"

"फोन कशाला? ती हितंच बसलीय, माज्या उशाशी. केस सोडवतेय. केवडा गुंता झालाय म्हणून सांगू!"

मी दर महिन्याला पावसला जातो. खुर्चीत बसतो, चहा घेतो, अर्ध्या तासात निघतो. आईच्या केसांत गुंता आहे, हे मला कधी दिसलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि काशीरामचा रागही आला.

"आये, मी येऊ का आता?"

"ये की कदीतरी. पण आता फोन ठेव बाबा. बोलताना मान हलते माजी, तिला विंचरता येत नाय."