तो बूट नका घेऊ

"तो बूट नका घेऊ. तुमच्या पायाला तो सुख द्यायचा नाही."

संगणकाच्या पडद्यावर ही दोन वाक्यं उमटली आणि मापकाकांच्या हातातला चहा बशीत सांडला. वाक्यं त्यांची होती, अगदी 'सुख द्यायचा नाही'सकट. बुटांच्या दुकानात गिऱ्हाइकासमोर एक गुडघा टेकून पस्तीस वर्षं ते हेच बोलत आले होते. पण आत्ता ते बोलले नव्हते. ते खुर्चीत तोंड मिटून बसले होते.

"कसं वाटतंय, काका?" सूनबाईंनी हसून विचारलं.

सूनबाई म्हणजे मालकांची सून. खाली दुकान तसंच ठेवून वर माडीवर त्यांनी मोबाईलवरून बूट विकायचं काम सुरू केलं होतं. सात-आठ माणसं दिवसभर पडद्यासमोर बसून गिऱ्हाइकांना उत्तरं लिहीत. माल जात होता, पण निम्मा परत येत होता. लोकांचा विश्वास बसत नव्हता. मग तीन महिने सूनबाई रोज तासभर खाली येऊन स्टुलावर बसल्या, मापकाका काय करतात ते बघत आणि वहीत टिपत.

मापकाकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. एवढी वर्षं बोलले, पण त्यांचं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. घरी बायको म्हणाली होती, "लोकांचे पाय धरण्यात जन्म गेला, आता म्हातारपणी गुरुजी झालात!"

त्यांनीही हातचं राखून काही ठेवलं नाही. सगळं सांगितलं. आधी नवा बूट दाखवायचा नाही, जुना उलटा करून बघायचा. सोल कुठे झिजलाय त्यावरून माणूस कसा चालतो, त्याचं कुठे दुखतं ते कळतं. सकाळी आलेल्याला संध्याकाळी यायला सांगायचं, कारण दिवसभरात पाय फुगतो. गिऱ्हाईक बूट घालून चार पावलं चालतं तेव्हा आपण गप्प राहायचं, आणि बघायचं ते त्याच्या अंगठ्याकडे. आणि जो बूट पायाला बरा नाही तो सरळ 'नका घेऊ' म्हणायचं, मग तो दुकानातला सगळ्यात भारी का असेना.

"त्या 'नका घेऊ'नंच कमाल केली, काका," सूनबाई सांगत होत्या. "आता कुणीही पहिल्यांदा ज्या बुटावर बोट ठेवतं, त्याला आपण सांगतो, हा नका घेऊ. मग त्याच्या वरचा, जास्त किमतीचा दाखवतो. विकणारा स्वतःच नको म्हणतोय म्हटल्यावर माणूस लगेच विश्वास टाकतो. विक्री दुप्पट!"

"कुणीही म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांनाच."

"आणि पाय कोणी बघितला?"

माडीवर हशा पिकला. वाईट हशा नव्हता, घरातल्या म्हाताऱ्याच्या बोलण्याला हसतात तसा. "काका, मोबाईलवर पाय कसा दिसणार?" एकानं विचारलं.

मापकाका पडद्याकडे बघत राहिले. वाक्यांच्या शेजारी त्यांचा फोटो होता, गळ्यात मापाची फीत घातलेला. खाली लिहिलं होतं, 'मापकाकांना विचारा'. फोटोच्या परवानगीच्या कागदावर त्यांनी एकेक अक्षर जुळवून सही केली होती. तेव्हा वाटलं होतं, भिंतीवर लावतील.

ते कठडा धरून जिना उतरले.

दुकानाच्या सुट्टीला ते थोरल्या बहिणीकडे गेले. ताई दोन गावं पलीकडे एकटीच राहायची. तिला साखरेचा आजार होता आणि त्यापायी तिची पावलं बधिर झाली होती. बुटात खडा गेला तरी कळत नसे. म्हणून इतकी वर्षं तिचं माप तेच घ्यायचे, तिचे बूट तेच आणायचे.

"ये रे, ये! बघ, तुझेच घातलेत," दार उघडत ताई म्हणाली आणि तिनं पाय पुढे केला.

निमुळत्या टोकाचा, कडक चामड्याचा बूट.

"माझे? ताई, हे मी कुठे दिले?"

"घ्या! आणि महिन्यापूर्वी मोबाईलवर एवढं कोण बोललं? मी आधी तो मऊ, रुंदच बघितला होता, तू देतोस तसा. तर तूच म्हणालास, तो बूट नका घेऊ, सुख द्यायचा नाही. म्हटलं, याला कळतं आपल्यापेक्षा."

मापकाका त्या बुटाच्या टोकाकडे बघत होते.

ताई आपल्या नादात बोलत होती. "मला तर कौतुकच वाटलं. दोन ओळी लिहायचा कंटाळा तुला, आणि त्या दिवशी केवढं लिहिलंस! तुझा गुडघा कसा आहे विचारलं, तर म्हणालास, छान आहे, आता तुमच्या पायांचं बोलू. मला 'तुमच्या' म्हणालास म्हणून हसले मी. म्हटलं, असेल दुकानात चारचौघांत."

"ताई, खाली बस."

"अरे, चहा तर..."

"बस म्हणतो ना!"

एवढ्या मोठ्यानं ते आयुष्यात ताईशी बोलले नव्हते. ती बसली. त्यांनी गुडघा टेकला, नाडी सोडली, टाच धरून बूट हळूच ओढला. मोजा बोटांना चिकटून आला. करंगळी काळी पडली होती.

"दुखत नाही रे काही," ताई म्हणाली.

हजारो पाय त्यांनी हातात घेतले असतील. घट्टे, भेगा, वाकडी नखं, सगळं पाहिलं होतं. पण आपल्याच शब्दानं जखम झालेला पाय पहिल्यांदा बघत होते, आणि तो ताईचा होता.

तसेच ते तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी दोन दिवस वाट पाहिली आणि करंगळी काढली.

तिसऱ्या दिवशी मापकाका माडीवर चढले. पिशवीतून तो बूट काढून त्यांनी सूनबाईंच्या टेबलावर उलटा ठेवला.

"वाचा," ते म्हणाले.

"काय वाचू, काका?"

"सोल. बाहेरची कड बघा, महिनाभरात केवढी झिजलीय. बाई पायाचा भार आतल्या बाजूला टाकूच शकत नव्हती. तिला कळत नव्हतं, पण सोलाला कळत होतं. आता आत हात घाला."

सूनबाईंनी हात घातला. आतलं अस्तर करंगळीच्या जागी कडक झालं होतं. मापकाकांनी सगळं सांगितलं तसा त्यांनी हात झटकन बाहेर काढला.

"तुमच्या ताई? मला... काका, आम्हाला कुठे माहीत होतं?"

"तेच तर. माहीत नसताना बोललात, आणि माझ्या तोंडानं बोललात."

"पण सगळं तुम्ही सांगितलंत तसंच केलं हो! एक शब्द बदलला नाही."

"शब्द घेतलेत, सूनबाई. 'नका घेऊ' म्हटल्यावर पुढे काय होतं ते बघितलं नाहीत. निम्मी माणसं माझ्या दुकानातून रिकाम्या हातानं जातात. तीन महिने बसलात स्टुलावर. त्यांना वहीत घेतलंत का?"

सूनबाई वहीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुमचा फोटो आजच काढते."

"फोटो राहिला तरी चालेल. ते वाक्य काढा."

सूनबाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग बुटाकडे. "ते काढलं तर..." एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या.

फोटो त्याच दिवशी निघाला. वाक्य राहिलं.

दीड महिन्यानं, एका संध्याकाळी, एक बाई टाचेचे बूट बघायला आल्या. मापकाकांनी त्यांचा जुना बूट उलटा करून पाहिला आणि सवयीनं बोलून गेले, "तो बूट नका घेऊ."

बाई खळखळून हसल्या. "हे मोबाईलवालेसुद्धा म्हणतात हो! बरं, दाखवा आता त्याच्या वरचा."

मापकाकांना कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. पस्तीस वर्षांत त्या वाक्याला कुणी हसलं नव्हतं. तोवर बाई दुसऱ्या खणाकडे वळल्याही होत्या.

तेवढ्यात दारात ताई दिसली. एका हातात काठी, पायात जुनी, सैल सँडल, आत पट्टी.

"संध्याकाळी आले बघ. पाय फुगलाय तोवर माप घे," ती म्हणाली.

त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि गुडघा टेकला. पाऊल तळहातावर घेतलं. करंगळीच्या जागी फीत सैल पडली. त्यांनी पुन्हा लावली, पुन्हा सैल पडली. मग एकेक खोका उघडला. मऊ, रुंद, पट्ट्याचा, नाडीचा. ताई चार पावलं चालली की ते गप्प राहून बोटांकडे बघत आणि मान हलवून बूट परत खोक्यात ठेवत.

बाकावर खोक्यांची रास झाली. टाचेचे बूट बघणाऱ्या बाई हातातला बूट विसरून इकडेच बघत होत्या. सूनबाई जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन थांबल्या होत्या, वही छातीशी धरून.

"मग? कुठला घेऊ?" ताईनं विचारलं.

मापकाकांना ते वाक्य म्हणवेना. त्यांनी तिची जुनी सँडल उचलली, आरीनं पट्ट्याला एक नवं भोक पाडलं, पट्टीला लागणार नाही असं बक्कल त्यात अडकवलं आणि सँडल तिच्या पायात चढवली.

"इथे तुझ्या मापाचा नाही, ताई," ते म्हणाले.

ती काठी टेकत रिकाम्या हातानं दुकानाबाहेर पडली. मापकाका तसेच गुडघा टेकून तिची पावलं बघत राहिले.