माझाच घसा बसला की काय?

मित्रांनो, मी दारावरची एक जुनी बेल आहे. बटण दाबले की मी चिमणीसारखी चिवचिवते. आवाज बारीक, पण घरभर पोचणारा. पूर्वी मी एकदा वाजले की या घरातले शिंपीकाका शिलाई मशीन थांबवून लगेच दार उघडायचे.

मग काय बिनसले कोण जाणे. गिऱ्हाइके बटण दाबून दाबून, मला नावे ठेवत परत जाऊ लागली. काका तर आत मशीनवरच बसलेले असत. मला वाटले, माझाच घसा बसला. वायरमनने मला उघडून पाहिले आणि मी ठणठणीत आहे म्हणाला. मग चुकते तरी काय? काका माझ्यावर रुसले का? मला काहीच उमजेना.

त्यातच शेजारणीने झग्याच्या बाह्या उसवायला सांगितल्या, तर काकांनी त्या दुहेरी टीप घालून पक्क्या बसवल्या. शेजारीण हसली, काकांची लेक हसली नाही. बाबांचे डोके आता चालत नाही, असे म्हणून तिने मशीन विकायला काढले.

एके सकाळी घरोघरी जाऊन वयस्कर माणसांचे कान तपासणारी नर्सताई आली. तिने काकांना हेडफोन लावले आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितले. जाड आवाजांना बोट झटकन वर गेले. मग तिने बारीक आवाज लावले. काकांचे बोट मांडीवरून हललेच नाही.

लेकीकडून बाह्यांचा घोळ ऐकून नर्सताई तिला म्हणाली, "यांना बारीक आवाज ऐकूच येत नाहीत. 'उसवा'चं 'बसवा' कानातच झालं असणार. कानाच्या डॉक्टरांकडे नीट तपासून घ्या." मग हेच तिने काकांसमोर बसून सावकाश सांगितले.

काकांनी विचारले, "म्हणजे मला वेड नाही ना लागलं?"

लेकीला रडू कोसळले. त्यांचा हात धरून ती म्हणाली, "नाही हो, बाबा. मशीन कुठे जात नाही."

मला मात्र हसावे की रडावे कळेना. दोष ना माझा, ना काकांचा. मग आम्ही दोघांनी बोलणी का खाल्ली? मित्रांनो, घरातले आजी-आजोबा ओ देत नसतील, तर रागावू नका, आधी त्यांचे कान तपासून घ्या. तुम्ही हाका मारून थकता, आणि त्यांना वाटत राहते, आपल्याला आता कुणी हाकच मारत नाही.