लांबलेली रेघ

ह्यांना जाऊन दीड वर्ष झालं, पण रोज सकाळी सात वाजता मी त्यांना पाच मिनिटं जिवंत ठेवत असे. पोपटभावजींसाठी.

हे दोघं पलटणीत एकाच सेटवरचे वायरलेसवाले. भावजींचं तोंड अखंड चालू, म्हणून ते पोपट; आमचे हे मुलखाचे अबोल. निवृत्तीनंतर दोघांनी लिलावात निघालेले जुने सेट घेतले आणि आपापल्या गावाहून रोज सातला मोर्सच्या खटक्यावर बोलू लागले. घरात फोन होता. ह्यांचं म्हणणं, "फोनवर काय, कोणीही बोलतं."

मी शेजारी भाजी निवडत ऐकायची. टिंब, रेघ, टिंब. इतक्या वर्षांत भिंतीलासुद्धा पाठ झालं असतं.

हे गेले तेव्हा भावजी इस्पितळात होते. "एवढ्यात सांगू नका," त्यांची सून म्हणाली. घरी आल्या आल्या त्यांनी सेट लावला. "आहेस का?"

मी खटक्यावर बोट ठेवलं. "आहे."

ठोकण्यालाही हस्ताक्षर असतं. ह्यांच्या मनगटाला जुनी जखम, त्यामुळे रेघ जरा लांबायची. मीही लांबवली.

मग सांगायचं राहून गेलं. खरं तर मी राहू दिलं. मुलगा रविवारी फोन करतो, "औषध घेतेस ना?" विचारतो आणि उत्तर संपायच्या आत "बरं, ठेवतो" म्हणतो. बाकी आठवडाभर माझ्याशी बोलायला तो सेटच. भावजींना कळलं असतं तर तेही संपलं असतं.

मागच्या सोमवारी त्यांनी विचारलं, "गुडघा कसा आहे?"

"जिना चढताना धरतो," मी ठोकून मोकळी झाले. मग लक्षात आलं. ह्यांचे गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत होते. गुडघा माझा दुखतो.

 मग सावकाश अक्षरं आली.

"वहिनी, रेघ फार ताणता. तो इतकी ताणत नव्हता."

"कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. 'आहे' म्हणालात तेव्हाच."

"मग बोलला नाहीत?"



"बोललो असतो तर तुम्ही सेट बंद करून कपाटात ठेवला असतात. मग सातला मी कोणाला हाक मारू? सुनेला मोर्स येत नाही, आणि माझी बडबड तिला नको असते."

दुसऱ्या दिवशी सातला मी ह्यांच्या खुर्चीत बसले. "वहिनी, आहात का?" भावजींनी विचारलं.

"आहे," मी ठोकलं. माझ्या हाताला आली तशी, आखूड रेघ.  त्या सकाळी ह्यांची लांबलेली रेघ कुठेच वाजली नाही.