चाळीसचा कोट आठला

आमच्या बाजारातली भाजीवाली मला लांबून पाहिलं की शेजारणीला म्हणते, "आली गं साडेसाती." मी हे कौतुक समजत आलो आहे. म्हणून परदेशी लेकीकडे निघालो तेव्हा तिकडच्या भाषेतली तीन वाक्यं घोकून ठेवली : 'फार होतात', 'कमी करा' आणि 'शेवटचं बोला'. लेकीने फोनवर चौथंही शिकवलं होतं, 'आभारी आहे'. पण ते खरेदीच्या कामाचं नसल्यामुळे राहून गेलं.

पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी लेक कामावर निघताना म्हणाली, "कोपऱ्यावरच्या चौकात आज जुन्या कपड्यांचा बाजार असतो. आईला स्वेटर बघा. पण बाबा, घासाघीस नको हं. मला इथे राहायचंय."

"मी कधी करतो?"

"अहो," ही म्हणाली, "पोरीला जिना उतरायचाय, हसवू नका."

चौकात लोकांनी घरातली टेबलं आणून मांडली होती. हिने दहा मिनिटांत स्वेटर घेतला, तोही सांगितल्या भावाने. मी टोप्या बघत होतो, नाहीतर हे घडलं नसतं. मग मला कोट दिसला. एका म्हातारीच्या टेबलावर पुरुषाचे चार शर्ट, दोन पँटी आणि हा कोट, सगळं कडक इस्त्रीचं. राखी, जाड, घालून पाहिला तर माझ्याच मापाचा. मी लगेच कारलं चावल्यासारखा चेहरा केला. आवडलेल्या वस्तूकडे नेहमी सावत्र नजरेने पाहावं.

म्हातारीने कागदावर चाळीस लिहिले.

"फार होतात." मी वरून तिसरं बटण नव्हतं ती जागा दाखवली. पस्तीस. बाही हुंगून नाक मुरडलं. तीस. मग मी हुकमाचा एक्का काढला. कोटाकडे बोट केलं, डोळे मिटले, हात छातीवर घेतले, मान टाकली आणि जीभ जराशी बाहेर काढली. म्हणजे, मेलेल्या माणसाचा आहे की काय?

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हळूच होकाराची मान हलवली आणि कागदावर दहा लिहिले.

"शेवटचं बोला," मी म्हणालो. सवय. तिने आठ केले.

"अहो, पुरे," हिने माझी बाही ओढली. "रडवेली झालीय बाई."

"तो धंद्याचा चेहरा असतो. आपली भाजीवाली नाही करत?"

संध्याकाळी लेकीला दार मीच उघडलं, कोट घालून. "ओळख, केवढ्याला? चाळीसचा आठला!"

लेक हसली नाही. जवळ आली, कोटाची एक बाजू उलटून काखेखालचं अस्तर पाहिलं. तिथे लाल दोऱ्याचे वेडेवाकडे टाके होते.

"हे टाके माझे आहेत," ती म्हणाली. "पहिल्या थंडीत माझ्याकडे कोट नव्हता. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी हा माझ्या खांद्यांवर टाकला. महिनाभर वापरला मी. सायकलला अडकून अस्तर फाटलं, ते शिवून परत दिला. गेल्या महिन्यात वारले ते. आजी म्हणत होत्या, कपडे घरात बघवत नाहीत." मग अस्तर सोडून, "किती म्हणालात? आठ?"

आणि संसारात माझं एकही बिंग न फोडलेल्या माझ्या बायकोने जिभेचा प्रकारही सांगून टाकला.

लेक खुर्चीत बसली. "मी त्यांना सांगून ठेवलं होतं, माझे बाबा येणारेत. खूप गमती करतात म्हणून."

उरलेले बत्तीस मुठीत धरून, कोट हातावर टाकून मी खाली गेलो. लेक बरोबर येत होती, मीच नको म्हटलं. आपली घाण आपण काढावी.

म्हातारीने दार उघडलं. मला ओळखलं, कोट पाहिला आणि मूठ उघडायच्या आत ती वळली. डब्यातून आठ आणून तिने माझ्या हातावर ठेवले आणि कोट काढून घेतला. मी माल परत करायला आलोय असं तिला वाटलं. वाटणारच. माझ्यापाशी तीन वाक्यं होती. तिन्ही गिळली. दार लागलं. माझ्या हातात पुरते चाळीस होते. माझ्या साऱ्या कारकिर्दीत पैशाला पैसा असा कधी जुळला नव्हता, आणि मला जिना चढवेना.

वर येऊन खरं ते सांगितलं. लेक ते चाळीस घेऊन खाली गेली. अर्ध्या तासाने आली ती कोट घेऊन.

"म्हणाल्या, मापाचा आहे ना, मग घालू दे. पैसे नको म्हणाल्या."

"आणखी काही?"

"विचारत होत्या, अजून काही खोट राहिलीय का." लेकीने कोट पुढे केला. तिसरं बटण लावलेलं होतं.

अजून अठरा दिवस राहायचंय. रोज सकाळी ही कोट धरून उभी असते. "घाला. बाहेर गारठा आहे." मी घालतो. खालचं दार उघडंच असतं. म्हातारी कोटावरून गळ्यापासून खालपर्यंत नजर फिरवते. माझ्याकडे बघत नाही. चौथं वाक्य मी आता शिकलोय. दाराशी पोचेपर्यंत चांगलं पाठ असतं.