पेटवेबाईंचा अर्ज

नाश्त्याला बायकोने, लोरेनाने, मक्याची लापशी वाढली, तेव्हा हार्लन टिडवेल टाय बांधत होता. तो अमेरिकेतल्या एका दक्षिणी राज्याच्या बँकिंग खात्यात तपासनीस होता. नवी बँक काढायची तर या खात्याची सनद लागे, आणि गावाला बँकेची गरज आहे की नाही, हे तपासनीस सांगे. आज त्याला अशाच एका अर्जासाठी पाइनरिज गावी जायचे होते.

"काळ्यांची बँक म्हणे," लोरेना म्हणाली. "उगाच लफड्यात पडू नका. बढती तोंडावर आलीय."

हार्लनच्या आजोबांच्या काळात बँका धडाधड बुडाल्या. कापूस विकून साठवलेला पैसा गेला, तेव्हा लोकांनी राजधानीत ठाण मांडून हे खाते मागून घेतले. बँकांवर आमच्या बाजूचा कोणीतरी बसवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्या गर्दीत आजोबा होते. ती हकिगत ऐकतच हार्लन वाढला आणि या नोकरीत आला.

पाइनरिजला लिओला पेटवे यांनी त्याला घरात बसवले. काळ्या मुलांच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. साठी उलटलेली, पण ताठ.

"गावातल्या बँका आमचे पैसे ठेवून घेतात," त्या म्हणाल्या. "घरासाठी कर्ज मागितलं की मात्र त्यांना आमचा रंग दिसतो. या माझ्या भावानं शेवटी सावकाराचं घेतलं. व्याज झेपेना, घर गेलं. आता माझ्या ओसरीवर झोपतो."

भाऊ, एझ्रा, टोपी हातात धरून उभा होता.

टेबलावर तळलेली कोंबडी, भेंडी आणि गरम पाव मांडले होते. "दोन घास खाऊन जा, साहेब."

गोऱ्याने काळ्याच्या टेबलावर जेवायचे नाही, हे त्या मुलखात पोराटोरांनाही शिकवावे लागत नसे.

"माझं झालंय," हार्लन म्हणाला. झाले नव्हते. बाईंना ते कळले. त्यांनी वाढलेल्या ताटावर फडके टाकले.

परतल्यावर खात्याचे प्रमुख क्रील यांनी त्याला खोलीत बोलावले. "गरज नाही, असं लिही. तिथल्या बँकवाल्यांची वर ऊठबस आहे."

हार्लनने तसे लिहिले.

अर्जाच्या सुनावणीला पेटवेबाई उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान असलेले क्रील म्हणाले, "लिओला, तू थोडक्यात आटप."

बाईंनी हार्लनकडेच पाहिले. "मिस्टर टिडवेल, तुम्ही माझ्या भावाला भेटलात. तरी आम्हाला गरज नाही म्हणता?"

हार्लन शपथेवर होता. "आहेत त्या बँका पुरेशा आहेत," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. एझ्रा उठला आणि बाहेर गेला. अर्ज फेटाळला गेला.

घरी लोरेनाने खुशीत विचारले, "मग? साहेब काय म्हणाले?"

"शाबास म्हणाले."

त्याने तिला सगळे सांगितले, ताटावरच्या फडक्यासकट. ती ताटे उचलू लागली. "तुम्ही एकटे काय करणार होतात?"

"खरं बोलू शकत होतो. तेवढ्याचाच पगार मिळतो मला."

दुसऱ्या दिवशी तो क्रील यांच्यासमोर उभा राहिला. "माझी साक्ष खोटी होती. शपथेवर दिली, शपथेवरच मागे घेणार."

"डोकं फिरलंय का तुझं? या राज्यात कोण ठेवील तुला?"

"माहीत नाही," हार्लन म्हणाला.

नोकरी गेली. तो पाइनरिजला माफी मागायला गेला, तेव्हा पेटवेबाईंनी त्याला ओसरीवरच थांबवले.

"तुमच्या माफीनं माझ्या भावाचं घर येत नाही. आम्ही पुन्हा अर्ज करतोय. तेव्हा या."

तो सुनावणीला गेला. या खेपेला तो काळ्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या बाकावर, एझ्राशेजारी बसला. गोऱ्यांच्या बाकांवरून कोणीतरी हसले. लोरेना आली नव्हती; "बायको नाही आली?" असे पेटवेबाईंनी विचारले, तेव्हा त्याने नकारार्थी मान हलवली. नाव पुकारल्यावर त्याने उठून सगळे सांगितले: गरज होती, त्याने ती पाहिली होती, आणि नाही म्हणून लिहिले होते.

सनद तेव्हाही मिळाली नाही. बाहेर पायऱ्यांवर त्याने पेटवेबाईंना विचारले, "आता?"

"आता तिसरा अर्ज," त्या हातमोजे घालत म्हणाल्या. "तुम्ही आज पहिल्यांदा हरलात, मिस्टर टिडवेल. आम्हाला सवय आहे. ती सवय आम्हाला कोणी लावली, ते मात्र घरी जाऊन बायकोला सांगा."